एकच नाव सांगायचे झाल्यास : आवडता मराठी चित्रपट-दिग्दर्शक

तिसरी घंटा

आवडत्या चित्रपटांची यादी कोणीही बसल्या बैठकीला करून देतो, कारण चित्रपट आवडण्यासाठी त्यातले एखादे गाणे, एखादा नट किंवा तो ज्या वयात पाहिला ते वय एवढेही पुरते. आवडता दिग्दर्शक विचारला की मात्र बहुतेकजण त्याच यादीतल्या पहिल्या चित्रपटावरचे नाव वाचून दाखवतात, आणि त्या गृहस्थांनी त्या चित्रपटात नेमके काय केले असे विचारल्यावर कथेचे कौतुक सुरू होते. कथा बहुधा दुसऱ्याचीच असते. म्हणून या धाग्यावर नाव सुचवताना दोन अटी पाळाव्यात अशी विनंती आहे. ज्याचे नाव घ्याल त्याचे किमान तीन मराठी चित्रपट तुम्ही पाहिलेले असावेत, आणि कागदावरच्या पटकथेत नव्हते असे त्याने पडद्यावर काय आणले ते सांगावे.

माझी निवड डॉ. जब्बार पटेल. 'सामना', 'जैत रे जैत' (१९७७), 'सिंहासन' (१९७९), 'उंबरठा' (१९८२) आणि 'एक होता विदूषक' (१९९२) हे पाच चित्रपट समोर ठेवले तर त्यांची सर्वांत मोठी ताकद पात्रयोजनेत दिसते. 'सामना'मधला हिंदुराव धोंडे पाटील निळू फुले यांनी करावा यात त्या काळी कोणाला आश्चर्य वाटले नसेल. पण काही वर्षांतच 'सिंहासन'मध्ये त्याच निळू फुले यांना दिगू टिपणीस हा पत्रकार देणे, म्हणजे ज्याच्या आवाजाला आणि नजरेला प्रेक्षक दचकत असे त्या नटाला सत्तेच्या खोल्यांमध्ये वही घेऊन नुसते ऐकत बसवणे, हा निर्णय कोणत्याही कादंबरीत लिहिलेला नव्हता. 'एक होता विदूषक'मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या बाबतीत त्यांनी हेच केले. विनोदी चित्रपटांनी ज्याचा चेहरा घरोघरी नेला होता, त्याच चेहऱ्यावर त्यांनी विदूषकाची शोकांतिका उभी केली.

दुसरी गोष्ट समूहाची. १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' बसवताना त्यांनी ब्राह्मणांच्या रांगेची भिंत केली, पडदा केला आणि प्रसंगी गर्दी केली, हे सर्वांना ठाऊक आहे. 'जैत रे जैत'मधली ठाकर मंडळी त्याच हाताने उभी केलेली आहेत. नाग्या आणि चिंधी यांची गोष्ट संवादांतून कमी आणि वाडीच्या गाण्यांतून जास्त पुढे सरकते, आणि गाणारे लोक शोभेसाठी मागे उभे नसून कथा सांगण्याची जबाबदारी त्यांच्यावरच आहे.

पिटातला प्रेक्षक

निवड चांगली आहे, पण तुमचीच दुसरी अट तुमच्या निवडीला लावून पाहू. 'सामना', 'सिंहासन' आणि 'उंबरठा' या तिन्हींच्या पटकथा विजय तेंडुलकरांच्या. 'सिंहासन'च्या तळाशी अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या आहेत, 'उंबरठा'च्या तळाशी शांता निसळ यांची 'बेघर' आहे आणि 'जैत रे जैत'च्या तळाशी गो. नी. दांडेकर. 'विदूषक' तर पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेला. एवढे लेखक खांद्याला खांदा लावून उभे असताना दिग्दर्शकाच्या वाट्याला काय उरते? मारुती कांबळेचं काय झालं, हा 'सामना'तला प्रश्न आजही गावोगावच्या सभांमध्ये विचारला जातो आणि तो लेखकाचा आहे. अशा पटकथा हाती असताना चित्रपट बिघडवायला विशेष कौशल्य लागले असते, असे मी म्हणेन.

इंदुलेखा

या प्रश्नाचा निकाल अंदाजाने लावण्याची गरज नाही, कारण तेंडुलकरांनी त्याच काळात इतर दिग्दर्शकांसाठीही लिहिले आहे. लेखक तोच ठेवून दिग्दर्शक बदलला की काय होते, हे पाहण्याची अशी सोय फार थोड्या ठिकाणी मिळते.

'सामना' १९७५च्या बर्लिन महोत्सवात दाखवला गेला आणि त्याच वर्षी श्याम बेनेगल यांचा 'निशांत' आला. दोन्हींची पटकथा तेंडुलकरांची (हिंदी संवाद सत्यदेव दुबे यांचे), दोन्हींत गाव एका सत्तेच्या मुठीत आहे आणि दोन्हींत त्या सत्तेसमोर एक मास्तर उभा आहे. बेनेगलांच्या चित्रपटात जमीनदाराचा वाडा, गावची वाट, देऊळ आणि शाळामास्तरचे घर यांच्यातील अंतरे आपल्याला हळूहळू पाठ होतात, आणि शेवटी जमाव निघतो तेव्हा तो त्याच वाटांनी वाड्यावर जातो. अन्याय तेथे भूगोलासारखा पसरलेला आहे. 'सामना'मध्ये असा भूगोल नाही. तेथे दोन माणसे समोरासमोर बसतात, पितात आणि बोलतात. हिंदुराव मास्तरला घरात ठेवून घेतो, त्याला साखर कारखाना, शेते, कोंबड्या दाखवतो, त्याचे लाड करतो, आणि त्या पाहुणचारातून दोघांचा सामना रंगत जातो. डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, कोण बसलेला आणि कोण उभा आहे, कोणाचा पेला आधी रिकामा होतो, यातून प्रत्येक प्रसंगात वरचढ कोण हे कळते. ही नजर रंगमंचावरून आलेली आहे आणि ती पटेलांची आहे.

तिसरा पुरावा गोविंद निहलानी यांच्या 'आक्रोश'चा (१९८०). लेखक पुन्हा तेंडुलकर. येथे निहलानींनी ओम पुरींचा लहान्या भिकू जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर गप्प ठेवला आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर रोखला. निहलानी मुळात छायालेखक, 'निशांत'चे छायाचित्रण त्यांचेच, त्यामुळे न बोलणाऱ्या माणसाचा चेहरा किती वेळ पडद्यावर टिकेल याचा हिशेब त्यांना पक्का माहीत होता. एका लेखकाचे तीन चित्रपट अशा तीन जातींचे निघतात, म्हणजे दिग्दर्शकाच्या वाट्याला पुष्कळ काही उरते.

पिटातला प्रेक्षक

ही मांडणी पटण्यासारखी आहे. तरीही यातून पटेल वेगळे होते एवढेच सिद्ध होते, ते आवडते का असावेत ते नाही. ते धागाकर्त्यांनी सांगावे.

कृष्णाकाठ

धागाकर्ते सांगतील तेव्हा सांगतील, तोवर मी राजा परांजपे यांचे नाव घेतो, कारण आत्ता मांडलेली अडचण त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणालाच लागू होत नसेल. कथा-पटकथा-गीते ग. दि. माडगूळकर, संगीत सुधीर फडके आणि दिग्दर्शन राजा परांजपे, हे त्रिकूट एवढे एकजीव झालेले आहे की १९५२चा 'लाखाची गोष्ट', त्याच वर्षीचा 'पेडगावचे शहाणे' आणि १९६०चा 'जगाच्या पाठीवर' यांचे श्रेय वाटायला बसले तर भाऊबंदकी व्हावी. श्रेय वाटणाऱ्यांच्या हिशेबात परांजपे नेहमी तिसरे येतात, कारण गाणी रेडिओवर वाजत राहिली आणि शब्द पुस्तकांत छापले गेले, पण दिग्दर्शन पाहायला चित्रपटच पाहावा लागतो.

त्यांचे वेगळेपण पाहायचे असेल तर 'पाठलाग' (१९६४) पाहावा. कथा जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीची, संगीत दत्ता डावजेकर यांचे. गीते गदिमांची असली तरी तो नेहमीच्या साच्यातला चित्रपट नाही, तो रहस्यपट आहे. हलक्याफुलक्या विनोदासाठी आणि डोळ्यांत पाणी आणण्यासाठी ओळखला जाणारा हा दिग्दर्शक येथे प्रेक्षकाला शेवटपर्यंत साशंक ठेवतो. पत्नी मृत्युशय्येवर आपल्या हातांत गेल्याचे पाहिलेल्या वकिलासमोर हुबेहूब तिच्याच चेहऱ्याची बाई आरोपी म्हणून उभी राहते, आणि ती खरी की खोटी हे ठरवण्यासाठी परांजपे धावपळ दाखवत नाहीत, न्यायालयातल्या प्रश्नोत्तरांवर भिस्त ठेवतात. हिंदीत त्यावरून 'मेरा साया' निघाला (१९६६), तो देखणा आहे आणि त्याची गाणी तर सर्वांच्या ओठांवर आहेत, पण मूळ मराठी चित्रपटातला आटोपशीरपणा त्यात नाही. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्याकडून त्यांनी जे काम करून घेतले आहे ते आजही जुने वाटत नाही.

आणि विनोदातही त्यांचा हात वेगळा कळतो. 'लाखाची गोष्ट'मधली अट, ठरावीक मुदतीत लाख रुपये उडवायचे, ही लेखकाची कल्पना आहे. पण पैसा संपता संपत नाही म्हणून दोन तरुण घाबरे होतात तेव्हा तो घाबरेपणा कोणत्या वेगाने वाढवायचा आणि कोठे थांबवायचा हे ठरवणारा माणूस दिग्दर्शक असतो. परांजपे स्वतः उत्तम नट होते, त्यामुळे नटाला किती सैल सोडावे याचा त्यांना अंदाज होता. त्यांच्या चित्रपटांत राजा गोसावी कधीही प्रेक्षकांकडे पाहून हशा मागत नाहीत. पुढच्या काळातल्या मराठी विनोदी चित्रपटांबद्दल असे म्हणता येत नाही.

ओवी

एकच नाव अशी अट आहे, म्हणून आधी विचारते, जोडी चालेल का? मराठीत दिग्दर्शनाच्या श्रेयनामावलीत दोन नावे असलेली दोन मोठी उदाहरणे आहेत, दामले-फत्तेलाल आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर, आणि मला या दोघांपैकीच निवडायचे आहे.

तिसरी घंटा

जोडी चालेल. मात्र दोन जोड्या चालणार नाहीत.

ओवी

ठीक आहे, मग दोन्हींविषयी लिहिते आणि निर्णय शेवटी सांगते.

'संत तुकाराम' (१९३६) हा चित्रपट भक्तिपट म्हणून पाहिला जातो आणि १९३७च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला म्हणून अभिमानाने सांगितला जातो, पण दिग्दर्शन म्हणून त्याच्याकडे फार कमी पाहिले जाते. विष्णुपंत दामले हे प्रभात फिल्म कंपनीचे ध्वनी आणि यंत्रे सांभाळणारे, फत्तेलाल कलादिग्दर्शक. म्हणजे नटांना अभिनय शिकवणारे म्हणून यांपैकी कोणाचीच ख्याती नव्हती. कदाचित म्हणूनच विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम अभिनय केल्यासारखा दिसत नाही आणि गौरी यांची जिजाई तर मुळीच नाही. मुलगा आजारी पडल्यावर हातात वहाण घेऊन विठ्ठलाला जाब विचारायला निघालेली जिजाई चित्रपटाने हास्यास्पदही केली नाही आणि पापीही ठरवली नाही. देवभोळ्या नवऱ्याचा संसार जिला ओढावा लागतो तिचे म्हणणे बरोबर आहे, आणि तुकारामाचेही बरोबर आहे, हे दोन्ही तोल एकाच चौकटीत धरून ठेवले आहेत. चमत्काराची दृश्ये आहेतच, पण तीही घरातल्या जात्याच्या, गुरांच्या आणि उपासमारीच्या शेजारी आणून ठेवलेली आहेत. शांताराम आठवले यांनी लिहिलेले 'आधी बीज एकले' हे पद पुष्कळांना तुकोबांचाच अभंग वाटले, यात आठवल्यांचे श्रेय मोठे आहेच, पण ते पद ज्या सहजतेने चित्रपटात येते त्या सहजतेचाही त्यात वाटा आहे.

सुमित्रा भावे यांची वाट वेगळी. त्या समाजशास्त्राच्या अभ्यासक, अध्यापन केलेल्या, आणि चित्रपटाकडे वळल्या त्या अभ्यासाचे माध्यम म्हणून. पहिला लघुपट 'बाई' (१९८५). सुकथनकर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. 'दोघी' (१९९५), 'वास्तुपुरुष', 'देवराई', 'अस्तु', 'कासव' हे चित्रपट एका ओळीत ठेवले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. त्यांच्या चित्रपटांना विषय असतो, स्किझोफ्रेनिया, स्मृतिभ्रंश, नैराश्य, आणि असा विषय घेतलेला चित्रपट बहुधा आरोग्य खात्याच्या माहितीपटासारखा होतो. त्यांचा होत नाही, कारण त्या आजारी माणसापेक्षा त्याच्या आजूबाजूच्या माणसांकडे कॅमेरा अधिक वेळ ठेवतात. 'अस्तु'मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले विद्वान संस्कृत पंडित वाट चुकून एका हत्तीच्या मागे जातात आणि माहुताच्या कुटुंबात पोचतात. त्या माहुताच्या बायकोला रोगाचे नाव माहीत नाही, तिला समोर एक म्हातारे मूल दिसते आणि ती त्याला जेवू घालते. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पटकथा भावे यांचीच, त्यामुळे लेखक आणि दिग्दर्शक यांच्यात येथे वाटणी करण्याचा प्रश्न येत नाही. वाटणी झालीच तर भावे आणि सुकथनकर यांच्यात होईल, आणि ती करायला जाऊ नये असे माझे मत आहे.

रानवाटा

मी उमेश विनायक कुलकर्णी यांचे नाव सुचवतो. 'वळू' (२००८), 'विहीर' आणि 'देऊळ' (२०११) हे तीन चित्रपट अट पूर्ण करतात. यांच्याही बाबतीत कोणी लगेच गिरीश कुलकर्णी यांचे नाव घेईल, कारण लेखन त्यांचे. मान्य आहे. 'देऊळ'मधले संवाद ऐकताना लेखकाचा कान किती तयार आहे ते जाणवते आणि त्या संवादांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. परंतु 'विहीर' पाहावा. समीर आणि नचिकेत हे नात्याने भाऊ, त्यांच्यातील एक विहिरीत बुडून जातो आणि दुसरा त्याला शोधू लागतो, एवढीच कथा आहे. त्या वयात मृत्यू समजत नाही आणि सांगणारे कोणी नसते, ही अवस्था संवादांत मांडता येत नाही. तेथे सुधीर पलसाने यांच्या कॅमेऱ्यासमोर दूरवर पसरलेले माळरान, वाड्यातले अंधारे कोपरे आणि लपाछपीचा खेळ यांवरच चित्रपट उभा आहे. लग्नघरातली सगळी लगबग पहिल्या भागात अशी दाखवली आहे की आपण त्या घरातलेच होऊन जातो, आणि नंतर तेच घर तसेच असून त्यात कोणीतरी नाही.

'वळू' आणि 'देऊळ' अनेकांना जास्त आवडतात. ते अधिक गमतीचे आहेत एवढे खरे.

पिटातला प्रेक्षक

आतापर्यंत सुचवलेल्या नावांत एकही असा नाही ज्याच्या चित्रपटाला तंबूत शिट्ट्या पडल्या, परांजपे यांचा सन्माननीय अपवाद सोडून. गर्दी खेचणे हे दिग्दर्शनाचे काम नव्हे असे येथे गृहीत धरलेले दिसते.

दादा कोंडके यांचे नाव मी मुद्दाम घेत नाही, आणि त्याचे कारण याच चर्चेतले आहे. ज्या 'सोंगाड्या'ने (१९७१) त्यांना उभे केले त्याचे दिग्दर्शक गोविंद कुलकर्णी, 'एकटा जीव सदाशिव'चेही तेच. दादा स्वतः दिग्दर्शक झाले ते 'पांडू हवालदार'पासून. आज महाराष्ट्रात शंभर माणसांना विचारले तर नव्व्याण्णव जण 'सोंगाड्या' दादांचा म्हणतील आणि गोविंद कुलकर्णी हे नाव कोणालाही आठवणार नाही. इकडे लेखक दिग्दर्शकाचे श्रेय खातो म्हणून वाद चालू आहे, तिकडे नट आणि निर्माता ते सगळेच खाऊन टाकतो.

तेव्हा माझी निवड महेश कोठारे. हसू नये. 'धुमधडाका' (१९८५) ते 'झपाटलेला' (१९९३) या आठ वर्षांत मराठी चित्रपट तंत्राच्या बाबतीत हिंदीच्या मागे आहे ही तक्रार ज्यांना मनापासून टोचत होती, त्यांत कोठारे पुढे होते. 'धडाकेबाज' त्यांनी सिनेमास्कोपमध्ये, म्हणजे रुंद पडद्यासाठी केला, मराठीतला तो पहिला. 'झपाटलेला'मध्ये रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याला त्यांनी खलनायक केले. बाहुल्या हलवणे पाध्यांचे, तात्या विंचूचा आवाज दिलीप प्रभावळकरांचा, पण हातभर उंचीच्या बाहुल्याला प्रेक्षकांतली मुले घाबरली पाहिजेत आणि त्याच क्षणी लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या घाबरण्याला सगळे हसलेही पाहिजेत, हा दुहेरी हिशेब दिग्दर्शकाचाच असतो. कॅमेरा जमिनीलगत ठेवून, बाहुला थोडाच दाखवून आणि बेर्डे पुष्कळ दाखवून त्यांनी तो जमवला. 'विदूषक' आणि 'झपाटलेला' यांच्यात जेमतेम एका वर्षाचे अंतर आहे. एकाच नटाचे दोन दिग्दर्शकांनी काय केले हे पाहायचे असेल तर हे दोन चित्रपट लागोपाठ पाहावेत.

भीमाकाठ

नागराज मंजुळे यांच्याशिवाय हा धागा पूर्ण होणार नाही, आणि अट आड येत असेल तर ती वाकवावी, कारण 'फँड्री' आणि 'सैराट' मराठी असले तरी तिसरा मोठा चित्रपट 'झुंड' हिंदी आहे. 'पिस्तुल्या' हा लघुपट मोजला तर तीन होतात.

मंजुळे स्वतः लिहितात, कवी आहेत, तेव्हा वाटणीचा वाद येथे नाही. त्यांची पकड वेळेवर आहे. 'फँड्री'मध्ये जब्याचे कुटुंब गावभर डुक्कर पकडत फिरते आहे, शाळेतली मुले गंमत पाहत आहेत, आणि नेमके त्या वेळी शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे कुटुंब होते तेथे ताठ उभे राहते. डुकराला अर्थातच राष्ट्रगीत माहीत नसते. हे दृश्य विनोदी आहे, प्रेक्षागृह हसते, आणि हसून झाल्यावर आपण कोणाला हसलो असा प्रश्न पडतो. त्यानंतर पकडलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते ज्या भिंतीसमोरून जातात तिच्यावर बाबासाहेबांपासून सावित्रीबाईंपर्यंत सगळ्यांची चित्रे आहेत. कॅमेरा तेथे रेंगाळत नाही, कोणी त्या भिंतीकडे पाहतही नाही. रेंगाळला असता तर ते भाषण झाले असते.

'सैराट' (२०१६) विषयी एवढेच, की त्याचा पूर्वार्ध अनेक समीक्षकांना जास्त लांब वाटला. अजय-अतुल यांच्या भव्य वाद्यवृंदाची गाणी, मंद गतीतली दृश्ये, विहिरीतल्या उड्या, हे सगळे लोकप्रिय प्रेमपटाच्या नियमांनी चालते. हैदराबादच्या झोपडपट्टीत कथा पोचल्यावर ती गाणी बंद होतात, आणि शेवटच्या प्रसंगात तर आवाजही काढून घेतला आहे. पूर्वार्ध आखूड असता तर हे काढून घेणे जाणवले नसते. तीन तासांच्या चित्रपटात केव्हा काय काढून घ्यायचे हे आधीपासून ठरवणारा दिग्दर्शक मला मोठा वाटतो.

इंदुलेखा

अट वाकवायचीच असेल तर चैतन्य ताम्हाणे यांच्यासाठी वाकवावी. दोनच चित्रपट आहेत, 'कोर्ट' (२०१४) आणि 'द डिसायपल' (२०२०), आणि दोन्ही व्हेनिसला गौरवले गेले, पहिल्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळही मिळाले. 'कोर्ट'मध्ये खटला पुढच्या तारखेवर गेला की कॅमेरा वकिलाबरोबर, सरकारी वकील बाईंबरोबर आणि शेवटी सुट्टीवर गेलेल्या न्यायाधीशांबरोबर त्यांच्या खासगी आयुष्यात जातो. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या घरी मात्र तसा जात नाही. हा निर्णय मला मराठी दिग्दर्शनातला सर्वांत धाडसी वाटतो, कारण सहानुभूती मिळवण्याचा सर्वांत सोपा रस्ता त्यात बंद केलेला आहे.

तिसरी घंटा

ताम्हाणे यांचा तिसरा चित्रपट येईपर्यंत थांबावे लागेल. मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या'ला हरकत नाही.

वर मला विचारले होते की पटेल वेगळे आहेत हे ठीक, पण आवडते का. उत्तर 'उंबरठा'वरून देतो. सुलभा महाजन महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून घर सोडते, तेथून पराभूत होऊन परत येते आणि घरात आपली जागा उरलेली नाही हे पाहून पुन्हा निघते. नवरा, सासू, जाऊ यांपैकी कोणालाही खलप्रवृत्तीचे रंगवलेले नाही. सगळे सभ्य, सुशिक्षित, हळू आवाजात बोलणारे आहेत. १९८२ साली मराठी चित्रपटातली सासू कशी असे हे आठवून पाहिले, म्हणजे या हळू आवाजाची किंमत कळते. स्मिता पाटील यांच्याकडे रागाचा मोठा साठा होता आणि इतर दिग्दर्शकांनी तो वापरलाही आहे. पटेलांनी त्या रागाला बहुतेक वेळा बाहेर पडू दिले नाही. मला तो संयम आवडतो.

कृष्णाकाठ

व्ही. शांताराम यांचे नाव अजून कोणीच घेतले नाही याचे नवल वाटते. बहुधा त्यांचे उत्तरायुष्यातले रंगीबेरंगी चित्रपट डोळ्यांसमोर येतात आणि माणसे संकोचतात. परंतु 'कुंकू' (१९३७), 'माणूस' (१९३९) आणि 'शेजारी' (१९४१) हे प्रभातमधले तीन चित्रपटच घ्यावेत. 'कुंकू'ची गोष्ट ना. ह. आपटे यांची, 'शेजारी'ची विश्राम बेडेकर यांची. लेखक बदलले तरी हात तोच राहिला, म्हणजे येथे चाललेल्या कसोटीला ते सरळ उतरतात. 'कुंकू'ला पार्श्वसंगीतच नाही. बोलपटाला जेमतेम पाच-सहा वर्षे झालेली, प्रेक्षकांना संगीत नाटकाची सवय, आणि हा दिग्दर्शक म्हणतो की घरातल्या आणि रस्त्यावरच्या खऱ्या आवाजांवरच चित्रपट चालवायचा. शांता आपटे यांची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला नाकारते, तो नकार या कोरड्या आवाजांमुळे अधिक कठोर होतो. पुढे स्वतःच्या राजकमल संस्थेत त्यांनी जे केले त्यातले 'दो आँखे बारह हाथ' सोडले तर बाकीच्यावर मी वाद घालणार नाही.

तरीही निवड परांजपे यांचीच. शांताराम यांच्या प्रत्येक दृश्यात दिग्दर्शक मधूनमधून डोकावून जातो, आणि मला डोकावणारा माणूस आवडत नाही.

पिटातला प्रेक्षक

डोकावला नाही तर त्याने काय केले ते तुम्हाला कळणार कसे? धागाकर्त्यांची दुसरी अट तर डोकावणाऱ्यांच्याच फायद्याची आहे. असो. ओवी यांनी दोन जोड्यांविषयी लिहिले आणि निर्णय अजून दिलेला नाही.

ओवी

भावे-सुकथनकर. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' या धाग्यातल्या कोणत्याही चित्रपटापेक्षा मोठा आहे असे मी बेधडक म्हणेन, पण विचारले आहे ते दिग्दर्शकाबद्दल, आणि पंचवीस वर्षे पैशांची चणचण, प्रदर्शनाची मारामार आणि मोजके प्रेक्षक यांतून एकामागून एक चित्रपट काढत राहताना ज्यांचा हात सैल पडला नाही ते हे दोघे आहेत. भावे २०२१च्या एप्रिलमध्ये गेल्या. डोकावण्याबद्दल म्हणाल तर त्या डोकावत नाहीत, पण लपतही नाहीत. 'दोघी'मध्ये लग्नाच्या वऱ्हाडाला अपघात होतो आणि गावाने अपशकुनी ठरवलेली गौरी घर जगवण्यासाठी मुंबईला पाठवली जाते. आईला (उत्तरा बावकर) ती कोठे गेली ते ठाऊक आहे आणि तिच्याच पैशांवर घर चालते आहे. त्या आईला दोष द्यावा की नाही, याचा निर्णय चित्रपट तुमच्यावर सोडतो, मात्र तो टाळून पुढे जाण्याची मुभा देत नाही. ज्यांनी यांचे काहीच पाहिले नसेल त्यांनी सुवर्णकमळ मिळाले म्हणून 'कासव'पासून सुरुवात करू नये. आधी 'दोघी', मग 'वास्तुपुरुष', आणि 'अस्तु' घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर न पाहता एकट्याने पाहावा.